नाव एक, व्हीलॅन दोन: सहा होस्टच्या क्लस्टरसाठी व्हर्च्युअल स्विचचे नियोजन

देखभालीसाठी सहा होस्टच्या क्लस्टरमधील (एकत्र चालणाऱ्या प्रत्यक्ष सर्व्हरच्या गटातील) चौथा होस्ट रिकामा करायचा म्हणून रात्री साडेनऊच्या सुमारास त्यावरील सर्व व्हर्च्युअल मशीन्स व्हीमोशनने (चालू मशीन न थांबवता दुसऱ्या होस्टवर नेणाऱ्या व्हीएमवेअरच्या सोयीने) इतर होस्टवर हलवण्यात आल्या. कामांच्या यादीत प्रत्येक ओळ यशस्वी दिसत होती, एकही इशारा आला नव्हता, आणि तरीही पाचव्या होस्टवर गेलेला डेटाबेस सर्व्हर त्या क्षणापासून नेटवर्कवरून नाहीसा झाला. कन्सोलवरून पाहिले तर मशीन ठणठणीत होती, आयपी पत्ता जागच्या जागी होता, फक्त गेटवेला एकही पिंग पोहोचत नव्हता. डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी आधी आपले लॉग चाळले, मग फायरवॉलचे नियम तपासले गेले, मग कोणीतरी मशीन बंद करून पुन्हा सुरू केली; या सगळ्यात दोन तास गेले. शेवटी पाचव्या होस्टवरील स्टँडर्ड स्विचच्या (होस्टच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या, प्रत्येक होस्टवर वेगळ्या मांडाव्या लागणाऱ्या स्विचच्या) सेटिंग्ज उघडल्यावर उलगडा झाला. ज्या पोर्टग्रुपचे (मशीन्स ज्याला जोडल्या जातात त्या सामाईक सेटिंगच्या गटाचे) नाव सहाही होस्टवर अक्षरशः सारखे होते, त्याचा व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेवरची वेगवेगळी नेटवर्क अलग ठेवणारा क्रमांक) पाच होस्टवर ११३ आणि या एका होस्टवर १३१ होता. हा होस्ट वर्षभरापूर्वी नव्याने उभारला गेला होता आणि तेव्हा सर्व पोर्टग्रुप हाताने भरले गेले होते.

स्टँडर्ड स्विच असताना व्हीमोशनपूर्वी होणारी तपासणी पोर्टग्रुपचे नाव जुळते का ते पाहते. त्या नावामागचा व्हीलॅन क्रमांक ती पाहत नाही. याच क्लस्टरमध्ये तिसऱ्या होस्टवर एका पोर्टग्रुपच्या नावात जोडरेषेऐवजी अधोरेषा पडली होती. तिथे स्थलांतर सुरूच होत नसे, आणि ‘ती मशीन त्या होस्टवर जात नाही’ अशी एक समजूत सगळ्यांनी निमूटपणे स्वीकारली होती. मला ही दुसरी चूक पहिलीपेक्षा बरी वाटते, कारण ती निदान दारातच अडवते.

या घटनेनंतर व्हर्च्युअल स्विचची संपूर्ण मांडणी नव्याने करायचे ठरले आणि आराखडा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले.

हाती काय होते

ईएसएक्सआय ही व्हीएमवेअरची प्रणाली चालवणारे सहा होस्ट, त्यांवर सुमारे १४० व्हर्च्युअल मशीन्स, आणि प्रत्येक होस्टवर एक गिगाबिटचे आठ पोर्ट अशी जुनी रचना होती. आठ पोर्टांमुळे चार स्टँडर्ड स्विच, चार स्विचमुळे विखुरलेले १४ पोर्टग्रुप, आणि सहा होस्ट म्हणजे हाताने सांभाळायच्या ८४ नोंदी. नव्या खरेदीत प्रत्येक होस्टला दहा गिगाबिटचे दोन पोर्ट असलेली दोन कार्डे मिळणार होती, म्हणजे आठ पोर्टांवरचा पसारा चार पोर्टांवर बसवायचा होता. रॅकच्या माथ्यावर दोन फिजिकल स्विच होते, पण ते एकमेकांशी स्टॅक केलेले नव्हते; दोघे पूर्णपणे स्वतंत्र होते, आणि पुढच्या बहुतेक निर्णयांवर या एका बाबीची सावली पडली. स्टोरेज आयस्कझीवर, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क पुरवणाऱ्या पद्धतीवर, होते. सगळ्या होस्टचे एकत्रित व्यवस्थापन करणारे व्हीसेंटर हीदेखील त्याच क्लस्टरवर चालणारी एक व्हर्च्युअल मशीन होती.

सगळ्या होस्टवर पसरणाऱ्या डिस्ट्रिब्युटेड स्विचचा परवाना संस्थेकडे आधीपासून होता आणि कधी वापरला गेला नव्हता. तरीही तो स्विच वापरायचाच असे मी सुरुवातीला धरून चाललो नाही. दोन-तीन होस्ट आणि चार-पाच पोर्टग्रुप असते तर स्टँडर्ड स्विच आणि सगळ्या होस्टवर एकाच फाइलमधून पोर्टग्रुप तयार करणारी एक स्क्रिप्ट एवढ्यावर भागले असते, आणि व्हीसेंटरवरचे अवलंबित्वही टळले असते. मात्र स्क्रिप्ट चालवल्यानंतर कोणी हाताने केलेला बदल ती रोखत नाही, आणि या प्रकरणात चूक हाताने भरलेल्या नोंदीतूनच आली होती. डिस्ट्रिब्युटेड स्विचमध्ये पोर्टग्रुपची व्याख्या व्हीसेंटरमध्ये एकदाच होते आणि तीच प्रत्येक होस्टवर उतरते, त्यामुळे एका नावामागे दोन क्रमांक असण्याची शक्यताच उरत नाही. याशिवाय भारानुसार अपलिंक (होस्टमधून बाहेर जाणारी जोडणी) बदलणे, एलएसीपी (अनेक तारा एक गट म्हणून वापरणे), एलएलडीपी (तारेच्या पलीकडे कोणता स्विच आणि पोर्ट आहे ते सांगणारी पद्धत) आणि वाहतुकीच्या प्रकारानुसार वाटा ठरवणे या गोष्टीही स्टँडर्ड स्विचवर मिळत नाहीत. एलएलडीपीचे महत्त्व तेव्हा कोणाला वाटले नाही; रॅकमागे केबल ओळखायची वेळ आल्यावर ते कळले, कारण स्टँडर्ड स्विचला फक्त सीडीपी ही सिस्कोची तशीच पद्धत समजते आणि इथले फिजिकल स्विच ते बोलत नव्हते.

नेटवर्क विभागाची हरकत वेगळीच होती. बैठकीत त्यांच्या प्रमुखांनी स्पष्टच विचारले, ‘होस्टच्या आत काय चालते ते आम्हाला दिसत नाही, मग तिथल्या व्हीलॅनची जबाबदारी आमची कशी?’ हा प्रश्न जुना आहे. २००९ मध्ये व्हीएमवेअरने व्हीस्फिअर ४ बरोबर डिस्ट्रिब्युटेड स्विच आणला, तेव्हाच सिस्कोचा नेक्सस १०००व्ही हा व्हर्च्युअल स्विचही आला, आणि त्याचे मुख्य आकर्षण हेच होते की नेटवर्कवाल्यांना आपल्या ओळखीच्या कमांडने होस्टच्या आतला स्विचही हाताळता येई. पुढे व्हीएमवेअरने बाहेरच्या कंपन्यांच्या स्विचचा आधार काढून घेतला, व्हीस्फिअर ६.५ अपडेट १ ही त्यांना चालू देणारी शेवटची आवृत्ती ठरली. तो मार्ग बंद असल्यामुळे आम्ही जबाबदारीची सीमा कागदावर आखली: फिजिकल पोर्टवर कोणते व्हीलॅन सोडायचे आणि त्यांचे क्रमांक काय हे नेटवर्क विभाग ठरवील, पोर्टग्रुप सर्व्हर विभाग तयार करील, आणि दोघांच्या मध्ये एकच तक्ता राहील ज्यात प्रत्येक होस्टचा प्रत्येक पोर्ट, त्याच्या टोकाचा फिजिकल स्विच आणि पोर्ट, व्हीलॅनची यादी, नेटिव्ह व्हीलॅन (ज्याच्या फ्रेमना, म्हणजे डेटाच्या तुकड्यांना, क्रमांकाचा टॅग लागत नाही तो) आणि एमटीयू (अशा तुकड्यातील मजकुराचा कमाल आकार) एका ओळीत असतील. चोवीस ओळींचा हा तक्ता बनवताना झालेले वाद नंतरच्या सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ घेऊन गेले, आणि तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही.

त्याच बैठकीत लूपची, म्हणजे फ्रेम गोलगोल फिरत राहण्याची, भीतीही व्यक्त झाली. ईएसएक्सआयमधील व्हर्च्युअल स्विच स्पॅनिंग ट्री ही लूप रोखणारी पद्धत चालवत नाही, हे ऐकून नेटवर्कचा माणूस दचकतो आणि ते साहजिकच आहे. पण हा स्विच एका अपलिंकवरून आलेली फ्रेम दुसऱ्या अपलिंकवरून कधीच बाहेर सोडत नाही, त्यामुळे त्याच्यामार्फत लूप तयार होत नाही. आपल्या मशीन्सचे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे पत्ते) त्याला आधीच माहीत असतात; फिजिकल स्विचप्रमाणे वाहतूक पाहून ते शिकावे लागत नाहीत. खरा धोका एखाद्या व्हर्च्युअल मशीनच्या आत कोणी दोन नेटवर्क कार्डे ब्रिज केली तर उद्भवतो. तिने पाठवलेला बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा संदेश, फिजिकल पोर्टवर पोहोचला आणि तिथे बीपीडीयू गार्ड चालू असेल, तर तो पोर्ट बंद पडतो आणि एका मशीनपायी त्या अपलिंकवरच्या सगळ्यांना फटका बसतो. म्हणून गेस्टकडून (व्हर्च्युअल मशीनकडून) येणारे बीपीडीयू होस्टवरच अडवण्याची सेटिंग सहाही ठिकाणी चालू करण्याचे आराखड्यात नोंदवले.

चार पोर्टांची वाटणी

पहिल्या कार्डावरील पोर्ट शून्य आणि एक, दुसऱ्यावरील दोन आणि तीन असे धरू. सहज हाताला येणारी वाटणी म्हणजे पहिले कार्ड सर्वसाधारण वाहतुकीला आणि दुसरे आयस्कझीला. केबल नीटनेटक्या दिसतात, पण एक कार्ड गेले की एक संपूर्ण प्रकारची वाहतूक जाते. म्हणून शून्य आणि तीन हे पोर्ट डिस्ट्रिब्युटेड स्विचला दिले, एक आणि दोन आयस्कझीला. मग शून्य आणि दोन पहिल्या फिजिकल स्विचला, तर एक आणि तीन दुसऱ्याला जोडले. आता कोणतेही एक कार्ड किंवा कोणताही एक फिजिकल स्विच गेला, तरी दोन्ही प्रकारच्या वाहतुकीची एकेक वाट शिल्लक राहते. हे चित्र फळ्यावर काढून प्रत्येक घटक एकेक करून पुसून पाहिला.

सर्व्हर विभागाला दोन्ही अपलिंकवर एलएसीपी हवे होते. फिजिकल स्विच परस्परांपासून स्वतंत्र असल्याने दोघांवर पसरलेला एक गट त्यांना बनवताच येत नव्हता, म्हणून तो प्रश्न तिथेच संपला. पण तसे नसते तरी मी आग्रह धरला नसता. गट केला तरी एका जोडणीची वाहतूक एकाच तारेवरून जाते, दहा आणि दहा मिळून त्या जोडणीला वीस मिळत नाहीत. त्याऐवजी व्हर्च्युअल मशीन्सच्या पोर्टग्रुपना फिजिकल कार्डाच्या भारानुसार वाट निवडण्याची पद्धत लावली. यात होस्ट दर ३० सेकंदांनी अपलिंकचा वापर तपासतो आणि तो ७५ टक्क्यांच्या वर गेला की काही मशीन्स दुसऱ्या अपलिंककडे वळवतो, आणि फिजिकल स्विचवर यासाठी वेगळे काहीही करावे लागत नाही. व्यवस्थापनाच्या वाहतुकीला शून्य सक्रिय आणि तीन राखीव, व्हीमोशनला नेमके उलटे, असे ठेवले.

व्हीमोशन हा अशा मांडणीतला दांडगा पाहुणा आहे. मिळेल तेवढी सगळी तार तो खातो. नेटवर्क आयओ कंट्रोलमधील वाटे मुळातच व्हर्च्युअल मशीन्सना १०० आणि व्हीमोशनला ५० असे असतात, आणि ते तार भरल्यावरच लागू होतात, म्हणून आम्ही ते बदलले नाहीत. मात्र हे वाटे होस्टमधून बाहेर पडणाऱ्या वाहतुकीपुरतेच असतात. तीन होस्ट एकाच वेळी एका होस्टकडे मशीन्स पाठवू लागले, तर त्या होस्टकडे येणारी तार भरते आणि वाटे तिथे काही करू शकत नाहीत. व्हीमोशनच्या पोर्टग्रुपवर त्या दिशेने ट्रॅफिक शेपिंगची मर्यादा घातली ती यासाठी.

आयस्कझीसाठी दोन व्हीएमकर्नल पोर्ट (होस्टच्या स्वतःच्या वाहतुकीचे पोर्ट) केले आणि प्रत्येकाला एकच सक्रिय अपलिंक दिली. दुसरी अपलिंक राखीव न ठेवता न वापरण्याच्या यादीत टाकली, कारण पोर्ट बाइंडिंगची (आयस्कझी ठरावीक पोर्टांशी बांधण्याची) तशी अटच आहे. एमटीयू ९००० ठरला. तो सगळीकडे लागला आहे याची खात्री पिंगनेच होते, पण तुकडे न करण्याची सूचना देऊन आणि ८९७२ बाइटचा मजकूर पाठवून, कारण आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट त्यात मिळवले की ९००० होतात. साध्या पिंगने सगळे आलबेल दिसते. इथेही तसेच दिसले, आणि ८९७२ चा पिंग दुसऱ्या फिजिकल स्विचमार्फत एकदाही परत आला नाही: त्या स्विचवर एमटीयू बदललेला होता, पण त्याला तो लागू होण्यासाठी रीस्टार्ट हवा होता आणि तो कोणी दिला नव्हता.

जुन्या रचनेत व्यवस्थापनाची वाहतूक टॅगशिवाय जात असे. नव्या आराखड्यात सर्व व्हीलॅन टॅग करायचे ठरले, तेव्हा फिजिकल ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टवर) व्यवस्थापनाचाच व्हीलॅन नेटिव्ह म्हणून राहून गेला असता, तर स्विचने त्याच्या फ्रेम टॅगशिवाय पाठवल्या असत्या आणि टॅगची वाट पाहणाऱ्या पोर्टग्रुपला त्या मिळाल्याच नसत्या. म्हणून नेटिव्ह व्हीलॅनला कुठेच न वापरलेला क्रमांक दिला. तक्त्यातील त्या एका रकान्याने होस्ट हातचा जाण्याची वेळ टाळली.

तार ओढून पाहणे पुरेसे नव्हते

पहिला होस्ट रिकामा करून त्यावर चाचण्या झाल्या. पोर्ट शून्यची केबल ओढली, एक पिंग हुकला, काम चालू राहिले. सर्वांचे समाधान झाले. मग मी नेटवर्क विभागाला केबल तशीच ठेवून पहिल्या फिजिकल स्विचची वरच्या कोअर स्विचकडे जाणारी जोडणी बंद करायला सांगितली. होस्टकडचा दिवा हिरवाच राहिला. व्हर्च्युअल स्विच मुळात फक्त स्वतःच्या तारेत जीव आहे का एवढेच पाहतो, आणि तारेत जीव होता; त्यामुळे त्या अपलिंकवरच्या मशीन्स फ्रेम पाठवत राहिल्या आणि त्या फ्रेम वरच्या टोकाला जिरत राहिल्या. दुसरी अपलिंक शेजारी धडधाकट असूनही कोणी तिकडे वळले नाही.

यावर बीकन प्रोबिंग हा होस्टच्या बाजूचा उपाय सुचवला गेला. त्यात अपलिंक एकमेकींना खुणेच्या फ्रेम पाठवतात आणि जिच्याकडून त्या येईनाशा होतात ती दोषी ठरते. पण दोनच अपलिंक असताना दोघींनाही एकमेकींचे ऐकू येत नाही, मग बिघडलेली कोण हे ठरवायला तिसरी लागते. ती नसेल तर होस्ट दोन्हीकडून फ्रेम पाठवू लागतो, आणि हा उपाय मूळ दुखण्याइतकाच त्रासदायक होतो. म्हणून उपाय फिजिकल स्विचवर केला: वरची जोडणी गेली की स्विचने खालचे होस्टचे पोर्टही स्वतःहून बंद करावेत. ही सोय वेगवेगळ्या स्विचवर वेगवेगळ्या नावाने असते, पण काम तेच. पुन्हा चाचणी केली तेव्हा होस्टकडचा दिवा विझला आणि मशीन्स दुसऱ्या अपलिंकवर गेल्या.

त्याहून मजेशीर प्रकार जोडणी परत येताना दिसला. फिजिकल स्विचचा पोर्ट पुन्हा चालू होताच होस्टने मशीन्स लगेच त्यावर परत नेल्या, आणि त्यानंतर सुमारे ३० सेकंद पिंग बंद. बिघाड झाला तेव्हा एक पिंग हुकला आणि बिघाड दुरुस्त झाला तेव्हा तीस हुकले, असा हा उलटा न्याय होता. पोर्टवर स्पॅनिंग ट्री नेहमीच्या पायऱ्यांनी जात होती: १५ सेकंद ऐकण्याचे, १५ शिकण्याचे, आणि मगच वाहतूक. नेटवर्क विभागाने या पायऱ्या वगळणारा पोर्टफास्ट लावलेला होता, परंतु त्या स्विचवर तो एकच व्हीलॅन नेणाऱ्या साध्या ॲक्सेस पोर्टांनाच लागू होतो. ट्रंकसाठी तो वेगळ्या कमांडने द्यावा लागतो. तो दिला, आणि सक्रिय-राखीव क्रम असलेल्या व्यवस्थापन आणि व्हीमोशनच्या पोर्टग्रुपवर फेलबॅक (मूळ अपलिंकवर आपोआप परतणे) बंद केला, जेणेकरून स्विच पुरता जागा होण्यापूर्वी कोणी त्याच्याकडे धावणार नाही.

स्थलांतर

क्रम साधा होता: होस्ट रिकामा करायचा, पोर्ट तीन नव्या स्विचला द्यायचा, व्हीएमकर्नल पोर्ट हलवायचे, मग पोर्ट शून्य, आणि शेवटी मशीन्स परत आणायच्या. मध्यंतरीच्या काळासाठी डीआरएस (होस्टवर मशीन्स आपोआप वाटणारी सोय) मॅन्युअल केले, कारण स्टँडर्डकडून डिस्ट्रिब्युटेड स्विचकडे चालू मशीन व्हीमोशनने नेता येते, उलट दिशेने नेता येत नाही. मागे फिरण्याची योजना लिहिताना हेच विसरले जाते. आमच्या योजनेत शेवटचा होस्ट होईपर्यंत प्रत्येक जुना पोर्टग्रुप निदान दोन होस्टवर तसाच ठेवण्याचे आणि परत जायचे झाल्यास मशीन बंद करूनच जाण्याचे लिहिले होते.

चौथ्या होस्टपर्यंत काही घडले नाही. मग फायरवॉलची जोडी हलली. दोन्ही मशीन्स चालू, दोघींना स्वतःच्या पत्त्यावर पिंग लागत होता, पण दोघींच्या सामाईक पत्त्याला उत्तर नव्हते. ही जोडी व्हीआरआरपी वापरत होती, म्हणजे सक्रिय मशीन आपल्या कार्डाच्या मॅक पत्त्याऐवजी ००-००-५ई-००-०१ ने सुरू होणाऱ्या सामाईक मॅकवरून फ्रेम पाठवते. जुन्या स्टँडर्ड स्विचवर फोर्ज्ड ट्रान्समिट्स (कार्डाच्या नसलेल्या मॅकवरून पाठवलेल्या फ्रेम) मूळच्याच सेटिंगने स्वीकारले जात होते, त्यामुळे कोणाला त्याचा विचारच करावा लागला नव्हता. डिस्ट्रिब्युटेड स्विचवर ते मुळात नाकारले जातात, आणि व्हर्च्युअल स्विच त्या फ्रेम मुकाट्याने टाकून देत होता. सामाईक मॅककडे येणाऱ्या फ्रेमही एरवी त्या मशीनपर्यंत पोहोचत नाहीत. घाईत कोणीतरी सगळ्या पोर्टग्रुपवर सगळ्या सवलती देऊन टाकल्या असत्या. त्याऐवजी फक्त या जोडीसाठी वेगळा पोर्टग्रुप केला, त्याच व्हीलॅनचा, आणि उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे लागणाऱ्या सवलती तेवढ्यातच दिल्या. नावात ‘फायरवॉल’ हा शब्द मुद्दाम घातला, म्हणजे उद्या दुसरी मशीन तिथे लावताना कोणाचाही हात थबकेल.

स्थलांतर पूर्ण झाल्यावर डिस्ट्रिब्युटेड स्विचची हेल्थ चेक सोय एक दिवस चालू ठेवली. प्रत्येक व्हीलॅन आणि एमटीयू खरोखर फिजिकल पोर्टवर आहे का हे ती फ्रेम पाठवून पाहते. तिने दुसऱ्या होस्टच्या पोर्ट तीनवर एक व्हीलॅन सुटलेला दाखवला, तो नेटवर्क विभागाने घातला, आणि त्यानंतर ही सोय बंद केली. ती कायम चालू ठेवल्यास फिजिकल स्विचच्या मॅक तक्त्यात विनाकारण भर पडत राहते.

व्हीसेंटर नसेल तेव्हा

व्हीसेंटर बंद पडले तरी डिस्ट्रिब्युटेड स्विचवरची वाहतूक थांबत नाही, कारण फ्रेम हलवण्याचे काम प्रत्येक होस्ट स्वतः करतो. अडचण वेगळीच आहे. नेहमीच्या स्टॅटिक बाइंडिंगच्या पोर्टग्रुपला नवी मशीन जोडून देण्याचे काम व्हीसेंटर करते. व्हीसेंटरची मशीनच खराब झाली आणि ती बॅकअपमधून नवी म्हणून उभी केली, तर तिला नेटवर्कला जोडून देणारे कोणी नसते. यासाठी व्यवस्थापनाच्या व्हीलॅनवर इफेमेरल बाइंडिंगचा एक वेगळा पोर्टग्रुप ठेवला, ज्याला थेट होस्टवरून मशीन जोडता येते. एरवी तो रिकामा असतो. स्विचच्या रचनेची निर्यात केलेली प्रतही क्लस्टरच्या बाहेर, तक्त्याशेजारी ठेवली.

हे कागदावर न ठेवता एका शनिवारी करून पाहिले. व्हीसेंटर बंद केले, बॅकअपमधून तिची प्रत पहिल्या होस्टवर उतरवली, आणि ती इफेमेरल पोर्टग्रुपला जोडण्यासाठी थेट होस्टवर लॉगिन करायला गेलो. बंद लिफाफ्यात ठेवलेला रूट पासवर्ड चालला नाही. तो कार्डे बदलून होस्ट नव्याने उभारण्यापूर्वीचा होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या होस्टच्या लिफाफ्यांचेही तेच. जुने व्हीसेंटर पुन्हा चालू करून सहाही लिफाफे बदलले, तक्त्यात पासवर्ड शेवटचा कधी तपासला त्या तारखेचा एक रकाना वाढवला, आणि पुढच्या शनिवारी तीच कसरत पुन्हा केली. त्या वेळी व्हीसेंटरची प्रत पंचवीस मिनिटांत नेटवर्कवर आली.